अंक विकत मिळतो, पाटी नाही

महाराष्ट्रात नवी गाडी घेतलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, कितीला पडली? दुसरा, पासिंग कुठलं? पहिल्याचे उत्तर लोक थोडे हातचे राखून देतात. दुसऱ्यात लपवण्यासारखे काही उरतच नाही. गाडीच्या पुढे आणि मागे ते ठसठशीत लिहिलेले असते. बारा म्हणजे पुणे, नऊ म्हणजे कोल्हापूर, अकरा म्हणजे सातारा, हे सांगायला आपल्याकडे कुणी तक्ता उघडत नाही. मंगल कार्यालयाबाहेर लागलेल्या गाड्यांवर एक नजर टाकली की मुलाकडचे कुठले आणि मुलीकडचे कुठले, याचा अंदाज यादी न बघता येतो.

या पाटीवरच्या मजकुराचे दोन भाग पडतात. एमएच आणि त्यापुढचे दोन अंक हा गाडीचा पत्ता. त्यानंतरची अक्षरे आणि चार अंक हा रांगेतला नंबर. पत्ता सरकार ठरवते. रांगेतला नंबर एरवी नशिबाने मिळतो, पण त्यातले शेवटचे चार अंक पैसे मोजून निवडता येतात. आपल्याकडे वाहन क्रमांकातला 'आपलेपणा' एवढ्याच चार घरांत मावतो. बाकीची पाटी मंत्र्याची काय आणि दूधवाल्याची काय, सारख्याच नियमाने बनते. नियम पाळला तर, असे अर्थात म्हणायला हवे.

आधी पत्त्याचे पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याबरोबर राज्याची दोन अक्षरे, कार्यालयाचे दोन अंक ही आजची पद्धत आली. त्याआधी १९३९ च्या कायद्याखाली तीन अक्षरे आणि पुढे चारपर्यंत अंक असत. जुन्या हिंदी चित्रपटांत मरीन ड्राइव्हवरून धावणारी फियाट नीट पाहिली तर एमने सुरू होणारी ती तीन अक्षरे दिसतात. गाडी कुठल्या गावची, हे त्यावरून जाणकारालाच कळे. नव्या पद्धतीने ते सगळ्यांना कळू लागले.

महाराष्ट्राचे कार्यालय-क्रमांक कसेही वाटलेले नाहीत, आणि ही गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. एक ते छत्तीस ओळीने वाचा. ०१, ०२, ०३ मुंबईची. ०४ ठाणे, ०५ कल्याण, ०६ रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी. इथे कोकण विभाग संपला. ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १३ सोलापूर, १४ पिंपरी-चिंचवड. हा पुणे विभाग. १५ नाशिकपासून नगर, श्रीरामपूर, धुळे करत १९ जळगावपर्यंत नाशिक विभाग. २० म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, तिथून जालना, परभणी, बीड, लातूर, उस्मानाबाद आणि २६ नांदेड. मराठवाडा पुरा झाला. २७ अमरावती ते ३० अकोला हा अमरावती विभाग आणि ३१ नागपूर ते ३६ भंडारा हा नागपूर विभाग. म्हणजे मंत्रालयातल्या कुणीतरी महसुली विभागांची यादी पुढ्यात घेतली, पश्चिमेकडून पूर्वेकडे गेला आणि क्रमांक टाकत सुटला.

मग ३७ वाशीम, ३८ हिंगोली, ३९ नंदुरबार. हे तीन आपापल्या विभागाच्या ओळीत का नाहीत? कारण एक ते छत्तीसची यादी झाली तेव्हा हे जिल्हेच नव्हते. नंदुरबार आणि वाशीम १९९८ मध्ये, हिंगोली १९९९ मध्ये वेगळा झाला. याउलट जालना, सिंधुदुर्ग, लातूर, गडचिरोली हे १९८१-८२ चे जिल्हे. त्यांना मूळ यादीत आपल्या शेजाऱ्यांच्या पंगतीत जागा मिळाली. चाळीसच्या पुढे भूगोल सुटतो आणि गरज, मागणी, वजन यांचा हिशेब सुरू होतो. ४१ मालेगाव, ४२ बारामती, ४३ नवी मुंबई, ४४ अंबाजोगाई, ४५ अकलूज, ४६ पनवेल, ४७ बोरिवली, ४८ वसई, ५० कऱ्हाड. जिल्ह्याचे ठिकाण नसताना कोणकोणत्या गावांनी स्वतःचे पासिंग मिळवले, ही यादी राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा नजरेखालून घालायला हरकत नाही.

पत्ता बदलला की पाटी बदलावी लागते, हा या पद्धतीचा दुसरा अर्थ. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाची एनओसी, नव्या राज्याचा रोड टॅक्स, जुन्या राज्याकडून उरलेल्या कराचा परतावा, अशी सगळी यात्रा आली. बेळगावात नोकरी आणि कोल्हापुरात घर असलेल्यांना हे प्रकरण तोंडपाठ असते.

आता रांग. एका मालिकेत, म्हणजे सगळे जिला सिरीज म्हणतात तिच्यात, ०००१ ते ९९९९ असे क्रमांक. ते संपले की पुढचे अक्षर. आय आणि ओ ही अक्षरे एक आणि शून्याशी घोटाळा करतात म्हणून वगळली जातात, उरतात चोवीस. दोन अक्षरांच्या जोड्या होतात ५७६ आणि एका कार्यालयाला त्यांतून सुमारे साडेसत्तावन्न लाख क्रमांक मिळतात. दुचाकी आणि चारचाकी यांच्या मालिका मोठ्या कार्यालयांत वेगवेगळ्या चालतात. दुचाकीची मालिका भराभर संपते, चारचाकीची सावकाश. या वेगातल्या फरकावर एक छोटासा बाजार उभा आहे, त्याकडे पुढे येऊ.

रंगांचे कोष्टक बहुतेकांना अर्धे माहीत असते. पांढऱ्यावर काळे खासगी, पिवळ्यावर काळे भाड्याचे. विजेवरच्या गाड्यांना २०१८ पासून हिरवी पाटी. खासगी असेल तर अक्षरे पांढरी, व्यावसायिक असेल तर पिवळी. परदेशी वकिलातींची निळी. सैन्याच्या गाडीवर वर टोक केलेला बाण आणि त्यालगत खरेदीच्या वर्षाचे दोन अंक असतात. तो क्रमांक आरटीओ देतच नाही, संरक्षण मंत्रालय देते. राहिली काळ्यावर पिवळी अक्षरे. ती स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या वाहनाची, आणि ती पाहायची तर गोव्यात. म्हापशाच्या किंवा कळंगुटच्या रस्त्यावर उभे राहिले की दर तिसरी-चौथी स्कूटर काळ्या पाटीची दिसते. पांढऱ्या पाटीची स्कूटर कुणी भाड्याने देऊ केली तर ती नियमबाह्य आहे, हे कोल्हापूर-सांगलीहून गोव्याला जाणाऱ्या पोरांना आता अनुभवाने कळले आहे.

पाटी स्वतः काय वस्तू आहे, हे मात्र जवळून बघण्यासारखे. उच्च सुरक्षा नोंदणी पाटी असे लांबलचक सरकारी नाव असलेली ही वस्तू लोकांत एचएसआरपी याच नावाने ओळखली जाते. एक मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा, त्यावर प्रकाश परतवणारा थर. मोटारीची पाटी साधारण ५०० बाय १२० मिलिमीटर, स्कूटरची मागची २०० बाय १००. वरच्या डाव्या कोपऱ्यात २० मिलिमीटरच्या चौकोनात अशोकचक्राचा क्रोमियमचा होलोग्राम असतो. पाटी हलवली की तो चमकतो. त्याखाली निळ्या रंगात देशाची तीन अक्षरे. आणखी खाली, डोळे बारीक करून पाहिले तर लेझरने कोरलेला एक क्रमांक दिसतो. तो गाडीचा क्रमांक नव्हे, त्या पत्र्याचा आहे. क्रमांकाची अक्षरे पत्र्यातून उठवलेली असतात आणि त्यांच्या काळ्या मुलाम्यावर ४५ अंशांच्या तिरक्या ओळीत 'इंडिया' ही अक्षरे छापलेली असतात. नखाने हळूच चाचपली तर अक्षरांचा उठाव कळतो. पाटी बसते ती साध्या स्क्रूवर नाही, तर स्नॅप-लॉकवर. हे लॉक एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाही आणि तोडले की पुन्हा वापरता येत नाही. चारचाकीला याशिवाय काचेच्या आतल्या बाजूने एक स्टिकर लागतो, पेट्रोल-सीएनजीला निळा, डिझेलला नारिंगी. गाडीचा तिसरा क्रमांक म्हणून नियम त्याला ओळखतो.

कल्पना जुनी आहे. केंद्राने हा नियम २००१ मध्येच केला. पुढे कंत्राटे, आव्हाने, सर्वोच्च न्यायालयातली प्रकरणे यांत वर्षे गेली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला कंपनीकडूनच ही पाटी येऊ लागली आणि प्रश्न उरला तो त्याआधीच्या गाड्यांचा. महाराष्ट्राने दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५०० आणि चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी असे दर ठरवले आणि मुदत दिली. मग ती वाढवली. मग पुन्हा वाढवली. २०२५ हे वर्ष घरोघर या एका कामाच्या तारखा शोधण्यात गेले. आधी तारीख मिळेना. तारीख मिळाली तर केंद्र दुसऱ्या टोकाला. तिथे पोचल्यावर जुना स्क्रू गंजलेला. वीस वर्षे झोपलेला नियम जागा झाला की असेच होते.

तरी या पाटीची गरज नाही असे म्हणता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत कुलाब्याला, ताज हॉटेलच्या आवारात, एकाच क्रमांकाच्या दोन पांढऱ्या मोटारी समोरासमोर आल्या. एकाला कधी न गेलेल्या ठिकाणांची ई-चलने येत होती, आणि त्याने आपल्या क्रमांकाची दुसरी गाडी डोळ्यांनी पाहिली. चौकशीत निघाले ते इतकेच की दुसऱ्या गाडीच्या शेवटच्या इंग्रजी तीनचा आठ करण्यात आला होता. दोन छोट्या कमानी पुऱ्या केल्या, झाले काम.

जर्मनीने नेमक्या याच खोडीवर अक्षराकडून उपाय शोधला. तिथल्या पाट्यांवरचे अक्षर-वळण मुद्दाम बेढब आखलेले आहे. तीन आणि आठ, पी आणि आर, ई आणि एफ यांची वळणे एकमेकांपासून इतकी दूर नेली आहेत की रेघ वाढवून एकाचे दुसरे होत नाही. कार्लगेऑर्ग होफर या अक्षररचनाकाराने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यावर काम केले, तेव्हा त्या देशात अतिरेकी गटांच्या कारवाया चालू होत्या. प्रत्यक्ष पाट्यांवर ते वळण यायला नव्वदचे दशक उजाडले. म्हणजे नियम आणि अंमल यांतले अंतर ही काही आपलीच खासियत नाही.

अक्षरांच्या वळणाबद्दल आपले केंद्रीय मोटार वाहन नियमही काटेकोर आहेत. मोटारीच्या पाटीवर अक्षर-अंकाची उंची ६५ मिलिमीटर, रेषेची जाडी १० आणि दोन अक्षरांमधले अंतर १०. अक्षरे इंग्रजी, अंकही इंग्रजी पद्धतीचे. आणि इथेच मराठी माणसाची कल्पकता कायद्याच्या आडवी येते.

कागद घ्या आणि इंग्रजी अंकांत ४९१२ लिहा. चारचे डोके उघडे ठेवा, नऊचा गोल थोडा फुगवा, एक सरळ उभा, दोनचे शेपूट किंचित ओढा आणि चौघांच्या माथ्यावर एक आडवी रेघ मारा. 'पवार' तयार. चार म्हणजे प, नऊ म्हणजे व, एक म्हणजे काना, दोन म्हणजे र. याच न्यायाने २१४ म्हणजे 'राम', कारण उघड्या डोक्याचा चार वेळेला म सुद्धा होतो. ४१४१ म्हणजे 'पापा' किंवा पाहणाऱ्याच्या घरात जे चालत असेल ते 'मामा'. देवनागरी सोडून रोमन वळणाकडे गेले की ८०५५ चे 'बॉस' होते. कुणी शिकवलेली ही लिपी नाही. गल्लीतल्या रेडियमवाल्यांनी आपल्या चाकूने ती घडवली आणि एका पिढीने ती रस्त्यावरच वाचायला शिकून घेतली. मला या लिपीचे मनापासून कौतुक आहे आणि तिच्यावरची कारवाईही योग्यच वाटते. कारण धडक देऊन पळालेल्या गाडीची पाटी वाचताना 'पवार होते' एवढेच साक्षीदाराला आठवले, तर पोलिसांनी शोधायचे कुणाला?

गंमत अशी की ४९१२ हा क्रमांक घेण्यात गैर काहीच नाही. तो रीतसर मिळतो. गैर आहे ते त्याला शिरोरेषा देणे. एचएसआरपीने हा खेळ बराचसा मोडला, कारण आता अंक कारखान्यातून ठरलेल्या साच्यात उठून येतात आणि रेडियमवाल्याच्या हाती काही राहत नाही. तरीही त्या क्रमांकाची मागणी संपलेली नाही. साच्यातला अंकही लोक मनातल्या मनात शिरोरेषा देऊन वाचतात.

आणि म्हणून येतो पसंतीचा क्रमांक. आरटीओच्या भाषेत आकर्षक क्रमांक, शोरूमच्या भाषेत चॉइस नंबर. रांगेत जो येईल तो न घेता, चालू मालिकेतला हवा तो अंक शुल्क भरून आधीच राखून ठेवायचा. राज्य सरकारने हे शुल्क २०१३ नंतर थेट ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवले. चारचाकीसाठी ०००१ हा तीन लाखांवरून पाच लाखांवर गेला. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर अशा मागणीच्या ठिकाणी तो चारवरून सहा लाख झाला. दुचाकीला हाच अंक पन्नास हजारांवरून एक लाख. त्याखालच्या पायरीवर ०००९, ००९९, ०९९९, ९९९९ आणि ०७८६. चारचाकीला अडीच लाख, दुचाकीला पन्नास हजार. पुढे उतरत्या किमतीच्या आणखी पायऱ्या आहेत. यादी नीट पाहिली तर सरकारला लोकांच्या श्रद्धा, हौस आणि गर्व यांचा बाजारभाव पक्का ठाऊक आहे असे दिसते.

दुचाकीच्या वेगवान मालिकेचा बाजार तो इथे. चारचाकीच्या चालू मालिकेत आवडता अंक कधीच गेलेला असतो आणि नवी मालिका उघडायला महिने असतात. तेवढ्यात दुचाकीची नवी मालिका सुरू होते. मग आरटीओ वर्तमानपत्रांना निवेदन देते: दुचाकीसाठी नवीन मालिका सुरू होत आहे, चारचाकीसाठी ज्यांना आकर्षक क्रमांक हवा त्यांनी तिप्पट शुल्क भरून अर्ज करावा. तिप्पट हा शब्द जपून वाचायचा. सहा लाखांच्या ०००१ चे असे अठरा लाख होतात. एवढ्यात एक बऱ्यापैकी मोटार येते आणि तिला रांगेतला नंबर फुकट मिळतो.

एकाच अंकाला दोन अर्ज आले तर लिलाव, पण हातोडा आपटून होणारा नव्हे. वर्षानुवर्षे ही गोष्ट बंद पाकिटांत चालत आली. मूळ शुल्काचा डीडी अर्जासोबत द्यायचा. दुसऱ्या दिवशी अर्जदारांची यादी फलकावर लागली आणि आपल्या अंकावर आणखी कुणी डोळा ठेवला आहे हे कळले की जादा रकमेचा दुसरा डीडी पाकिटात बंद करून द्यायचा. ठरल्या वेळी पाकिटे फोडायची, ज्याची रक्कम मोठी त्याला अंक. समोरच्याने किती घातले हे माहीत नसल्यामुळे माणूस आपल्या ऐपतीचा नव्हे, त्याच्या हट्टाचा अंदाज बांधत बसतो. पाकीट उघडल्यावर दुसऱ्याची रक्कम अगदीच किरकोळ निघाली, तर जिंकलेल्याचा चेहरा हरलेल्याहून वाईट होतो. २०२४ च्या अखेरीपासून अंक निवडण्याचे काम ऑनलाइन झाले आणि खिडकीपुढची गर्दी, एजंटांची कुजबुज बरीच ओसरली.

हौस कुठवर जाते? एप्रिल २०२५ मध्ये केरळात एर्नाकुलमच्या एका मालिकेतला ०००७ हा अंक ४६ लाख २४ हजारांना गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात हरियाणात ८८ क्रमांकाच्या कार्यालयाच्या बी मालिकेतल्या ८८८८ वर एक कोटी सतरा लाखांची बोली लागली. इंग्रजी बी दुरून आठसारखाच दिसतो, त्यामुळे ही पाटी आठांची अखंड माळ वाटते. बोली लावणाऱ्याने नंतर पैसे भरले नाहीत, हा भाग निराळा.

महागडे अंक सोडले तर सर्वसामान्य माणूस पसंती ठरवतो ती बेरजेवर. चारही अंकांची बेरीज करायची, दोन आकडी आली तर पुन्हा करायची आणि नऊ, पाच किंवा एक यांपैकी जे घरात 'लाभते' ते पाहायचे. शोरूममध्ये डिलिव्हरीच्या दिवशी सासऱ्यांपासून शाळकरी पोरापर्यंत सगळे हा हिशेब तोंडी करतात. त्यांच्या माहितीसाठी एक आकडा: १ ते ९९९९ यांत बेरीज नऊ येणारे क्रमांक बरोबर ११११ आहेत. पाचाचेही ११११ आणि ज्याला सगळे टाळतात त्या आठाचेही ११११. प्रत्येक मालिकेत दर नवव्या गाडीला नऊ मिळतोच. लाखो रुपये बेरजेला पडत नाहीत, दिसण्याला पडतात. १८ आणि ९९९९ यांची बेरीज एकच, पण शुल्काच्या यादीत दोघांना शेजार मिळत नाही.

बाहेरच्या देशांत पसंतीची कल्पना वेगळ्या वाटांनी गेली. जर्मनीत शहराचे अक्षर ठरलेले, पण पुढची एक-दोन अक्षरे आणि अंक मालकाला निवडता येतात आणि त्याला साधारण दहा-बारा युरो लागतात. त्यामुळे लोक आद्याक्षरे आणि जन्मतारीख घालतात आणि त्यात प्रतिष्ठा वगैरे काही उरत नाही. फक्त नाझी संघटनांची आठवण करून देणाऱ्या अक्षरजोड्या मिळत नाहीत. ब्रिटनची तऱ्हा नेमकी उलटी. तिथे पाट्या १९०३ च्या कायद्याने आल्या आणि ए १ ही पाटी अर्ल रसेल यांनी मिळवली. हे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे थोरले बंधू. म्हणजे पहिल्या दिवसापासून हौस आहेच. तिथल्या सरकारी यंत्रणेने १९८९ पासून पाट्या विकायला सुरुवात केली आणि त्यांचा रीतसर व्यापार उभा राहिला. गाडी विकली तरी पाटी स्वतःकडे ठेवता येते, वारसांना देता येते, बाजारात पुन्हा विकता येते. ५१ एनजीएच ही पाटी, जी इंग्रजीत 'सिंह' अशी वाचता येते, अडीच लाख पौंडांच्या घरात गेली. एकच अट मोठी गमतीची आहे: तिथल्या पाटीवर गाडीच्या वयाची खूण असते आणि गाडी आहे त्याहून नवी भासेल अशी पाटी लावता येत नाही. जुनी भासली तर चालते.

अमेरिकेतल्या राज्यांत तर हवा तो शब्दच घालता येतो. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका गृहस्थांनी अर्जात नौकाविहाराशी संबंधित दोन पर्याय लिहिले आणि तेही न मिळाल्यास पाटीच नको, या अर्थाने तिसऱ्या रकान्यात 'नो प्लेट' असे लिहिले. त्यांना नेमकी तीच पाटी मिळाली. मग राज्यभरात बिनपाटीच्या जितक्या बेवारस गाड्यांवर पोलिसांनी 'नो प्लेट' असे लिहून दंडाच्या चिठ्ठ्या फाडल्या होत्या, त्या हजारोंनी यांच्या पत्त्यावर येऊ लागल्या. आखातात वेगळेच टोक. दुबईत जितके अंक कमी तितकी किंमत जास्त. २०१६ मध्ये डी ५ ही पाटी तिथल्या एका भारतीय उद्योजकाने ३ कोटी ३० लाख दिरहमला घेतली आणि एप्रिल २०२३ मध्ये पी ७ ही पाटी धर्मादाय लिलावात साडेपाच कोटी दिरहमला गेली. आपल्या हिशेबाने १२० कोटी रुपयांच्या वर.

आपल्याकडे असा व्यापार उभा राहिला नाही याचे मुख्य कारण म्हणजे क्रमांक मालकाला नव्हे, गाडीला चिकटलेला असतो. गाडी विकली की पाच लाखांचा ०००१ तिच्याबरोबर जातो आणि जुनी गाडी घेणारा त्याचे पाच रुपयेही जादा देईल याची खात्री नाही. चांगल्या अंकाची म्हातारी गाडी दारात झाकून ठेवणारे लोक असतात, ते यामुळे. २०२४ च्या अधिसूचनेने थोडी वाट मोकळी केली: पसंतीचा क्रमांक पती, पत्नी, मुलगा, मुलगी अशा जवळच्या कुटुंबीयाच्या नावावर करता येतो. बाजारात नेता येत नाही, घरात फिरवता येतो.

एक पाटी मात्र या सगळ्यातून बाहेर आहे. सप्टेंबर २०२१ पासून आलेली बीएच मालिका. सुरुवातीला नोंदणीच्या वर्षाचे दोन अंक, मग बीएच, मग चार अंक, शेवटी अक्षरे. जिल्हा नाही, राज्यही नाही. सैन्यदले, केंद्र-राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम यांतले कर्मचारी आणि किमान चार राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतले नोकरदार यांना ती मिळते. बदली झाली की पुन्हा नोंदणी नको. रोड टॅक्सही पंधरा वर्षांचा एकदम न भरता दोन-दोन वर्षांच्या टप्प्याने. ज्यांची तीन वर्षांनी बदली ठरलेली, त्यांची एनओसीची यात्रा यामुळे वाचली. पण हा क्रमांक संगणक आपल्या मनाने काढून देतो, त्यामुळे इथे बेरीज, ०००१, पवार, राम यांपैकी कशालाच वाव नाही. दोन वर्षांनी कर भरायचे विसरले तर दंड सुरू होतो, ही मेख लोकांच्या उशिरा लक्षात येते. आणि अशी गाडी पुढे नागपूरच्या एखाद्या किराणा दुकानदाराने विकत घेतली, तर तो पात्र वर्गात बसत नसल्याने त्याला उरलेल्या काळाचा रोड टॅक्स भरून आपल्या कार्यालयाचा, म्हणजे ३१ किंवा ४९ चा, नवा क्रमांक घ्यावा लागतो. तेव्हा हवी असेल तर तो बेरीज पाहू शकतो.